सहदेवी

सहदेव घाडीनं होडी घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या बायकोनं, सुगंधानं, एवढंच विचारलं, "ठेवतालात खंय? गॅलरीत?"

चारकोपच्या सेक्टरात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरीत वॉशिंग मशीन, तुळस आणि मुलाची जुनी सायकल. तेव्हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण सहदेवनं उत्तर तयार ठेवलं होतं. सेक्टर संपतो, कांदळवन सुरू होतं, आणि त्याच्या पलीकडं खाडीला खारीचा धक्का म्हणतात तो आहे. धक्का कसला, चार दगड आणि एक वाकडा खांब. पण तिथल्या कोळ्यांच्या इंजिनांचे नटबोल्ट, बुश, वाकलेले शाफ्ट सहदेव वर्षानुवर्षं दुरुस्त करून देत आला होता. साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर त्याचा जन्म गेला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मालकाची नजर चुकवून कोळ्यांचं काम. शेवटी मालकानं गाळाच विकला, सहदेव घरी बसला, आणि घरी बसलेल्या माणसाच्या डोक्यात जे येतं ते त्याच्याही आलं.

त्याच्या डोक्यात होडी आली, याला कारण त्याचा बाप. बाप देवबागेचा. मुंबईत गिरणीत साच्यावर उभा राहिला, पण चाळीतल्या खाटेवर पडून बोलायचा ते होडीचंच. सहदेवनं ती होडी पाहिली नाही, ऐकली. बापाचं एक वाक्य त्याला पाठ होतं, "होडयेक शिंपी चढली म्हणजे ती पाण्यात रमली समज."

शिंपी म्हणजे शिंपले. या वाक्यानंच पुढं घोळ केला.

होडी मिळाली मुलुंडच्या मागं, ठाण्याच्या खाडीत. बरीच वर्षं दोरीला बांधून पडलेली. पाण्यानं आणायची तर अख्ख्या मुंबईला वळसा. म्हणून ती टेंपोत चढली. सहदेव टेंपोत, म्हणजे टेंपोतल्या होडीत, फळीवर बसला. साकीनाक्याच्या सिग्नलला सगळं तुंबलं. होडीचं नाक मागच्या रिक्षावर आलेलं. हवालदार चालत आला, वर बघितलं आणि म्हणाला, "काय हो, पूर येणार असल्याचं तुम्हालाच एकट्याला कळवलंय का?"

ज्या गाळ्यात जन्म काढला त्याच्यासमोरून आपण होडीत बसून गेलो, ही गोष्ट सहदेवनं पुढं धक्क्यावरच्या प्रत्येकाला सांगितली. एकदा नाही, चार-चारदा सांगितली. तिखटमीठ लावून. त्यामुळं होडी कुठून आली हे कोणाला विचारावं लागलं नाही.

धक्क्यावर होडी उलटी केली तर पोटाला शिंपलेच शिंपले. नखाएवढे, काही सुपारीएवढे, मळकट तपकिरी, पाठीवर पुसट पट्टे. एकाला एक चिकटून जाड गोधडी झालेली. सहदेवला बापाचं वाक्य आठवलं. रमली हो रमली, म्हणत त्यानं खरवडायला घेतलं. धक्क्यावरच्या कुंदाचा भाऊ मधुकर मदतीला आला. भरतीचं पाणी पायाशी होतं. खरवडलेलं सगळं पाण्यात गेलं. सगळेच तसं करतात. होडी कोणी घरी नेऊन खरवडत नाही.

कुंदा म्हणजे या धक्क्याचं तोंड. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायची आणि हातानं चाचपून शिवल्या काढायची. आपण बाजारात ज्यांना तिसऱ्या म्हणतो त्याच. आई, आजी, सगळ्यांनी याच चिखलात हात घातलेले. धक्का सरकारचा की कोणाचा, माहीत नाही, पण वाकड्या खांबाला कोणी दोर बांधायचा ते कुंदा सांगायची. सहदेवला तिनंच सांगितलं होतं, "बांद. तू काय परका नाय."

वर्ष उलटलं, आणखी काही महिने गेले, आणि कुंदाच्या हाताला चिखलात गोधडी लागली.

पहिल्यांदा तिला वाटलं कोणी पोतं टाकलंय. ओढलं तर शिंपल्यांचा गठ्ठा वर आला. मळकट, पट्टेवाले. गठ्ठ्याच्या खाली शिवल्या होत्या, तोंड वासून मेलेल्या. पुढच्या ओहोटीला आणखी गठ्ठे. जाळ्याच्या खुंटांवर, दोरांवर, मिठागराच्या जुन्या दारावर. टोपली भरायची तिथं तळ झाकेना.

गठ्ठा घेऊन ती धक्क्यावर आली आणि सहदेवच्या होडीत टाकला.

"घे तुजी पोरं."

"माझी?"

"तुजे होरीला हीच घाण व्हती. माज्या डोल्यांनी बगलीय. मुलुंडशी आनलीस आन आमचे पोटावर सोरलीस."

"अगे कुंदाबाय, एवढेसे व्हते ते..."

"एवढेसेच व्हते. आता बग."

या शिंपल्याला कोणाकडं नाव नव्हतं. आधी कधी नव्हताच तो, तर नाव कुठून येणार? आठवड्याभरात नाव झालं. सहदेवानं आणले म्हणून सहदेवी. मधुकर ओरडायचा, "खुंटावर सहदेवी चरलीय!" कोणाचा पाय कापला की, "सहदेवी लागली." बाजारात गेलेल्या बायका गोराईच्या बायकांना सांगायच्या, त्या मनोरीच्या बायकांना. सहदेव हा माणूस आहे हे माहीत नसलेले लोकही सहदेवीला शिव्या देऊ लागले.

सुगंधाला हे भाजीवाल्याकडून कळलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "गावात सहदेवी म्हणजे औषधाचा झाड. हय पायाक लागणारी घाण. बरा नाव काढलात घाड्यांचा."

आपण आणली की नाही आणली, हे सहदेवलाच कळत नव्हतं. खरवडलं होतं, हे खरं. पाण्यात गेलं, हे खरं. पण मूठभर शिंपल्यांची एवढी खाडीभर जत्रा? दोर खांबावरून सोडावा, तर चोर ठरतो. बांधून ठेवावा, तर रोज कुंदाच्या तोंडाकडं बघायचं. कुंदानं अजून "सोड" म्हटलं नव्हतं. पण आता ती त्याच्या होडीच्या बाजूनं जाताना पदर आवरून जायची.

अशात गार्गी आली. मुलुंडची मुलगी, समुद्री जिवांवर पीएच.डी. करत होती. गमबूट, टोपी, आणि हातात बारीक जाळीची लांब पिशवी. ती पिशवी पाण्यात धरायची आणि तळाशी जमलेलं बाटलीत भरायची. तिला होडी हवी होती. धक्क्यावर कोणाला वेळ नव्हता, सहदेवला वेळच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं धीर करून विचारलं, "बाय, ह्यो शिंपलो कोणी आणलो?"

"इथला नाही हा, काका. लांबचा आहे, अमेरिकेच्या बाजूचा. जहाजांच्या तळाला चिकटून, नाहीतर जहाजांच्या टाकीतल्या पाण्यातून आपल्या बंदरात आला असणार. बरीच वर्षं झाली."

"बंदरात. पण हय?"

गार्गीनं बाटली उन्हात धरली. आत पाणी, आणि पाण्यात काही नाही. "यात असतील त्याची पिल्लं. डोळ्यांना दिसत नाहीत. एक शिंपला एका वेळी हजारोंनी अंडी सोडतो. पिल्लं काही दिवस पाण्यात तरंगतात, पाणी नेईल तिकडं जातात. मग जड होतात, तळाला जातात, आणि मिळेल त्याला चिकटतात. एकदा चिकटली की तिथंच."

"मग हयली पिल्लां माझ्या होडीची की समुद्रातसून इलेली?"

"सांगता येणार नाही."

"तुमका पण नाय?"

"दोन्ही शक्य आहे."

सहदेवला 'शक्य आहे' हा शब्द त्या दिवसापासून आवडेनासा झाला. लेथवर माप बसतं नाहीतर बसत नाही. बसणं शक्य आहे, असं गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो बुश तोंडावर मारेल.

पण त्यानं पिच्छा सोडला नाही. शेवटी गार्गी म्हणाली, "एक करून बघू. धक्क्यावरून तरंगणारं काहीतरी सोडायचं आणि ते कुठं जातं ते बघायचं. इथलं पाणी भराभर समुद्रात जात असेल, तर तुमच्या होडीची पिल्लंही तेव्हाच वाहून गेली असतील. आणि इथंच घुटमळत असेल, तर..."

"तर माझी."

"तर शक्य आहे."

तिच्या मनात लाकडी पट्ट्या सोडायच्या होत्या. सहदेव म्हणाला, पट्टी वाऱ्यानं जाते. नारळ सोडा. नारळ अर्धाअधिक पाण्यात बुडून असतो, त्याला पाणी नेतं. गार्गीनं विचार केला आणि मान हलवली. वीसेक नारळ आले. तिनं पिवळ्या रंगानं त्यांवर आकडे घातले, खाली स्वतःचा फोन नंबर. खाडीकाठच्या गावांत सांगितलं, नारळ दिसला की फोन करा, आणि नारळ ठेवून घ्या.

ओहोटी लागता लागता होडी मधोमध नेली. गार्गीनं पहिला नारळ उचलला आणि टाकायला हात लांब केला.

"ओ बाय! थांबा!"

"काय झालं?"

"असो कसो टाकतास? बोडको?"

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. सुगंधानं कुंकू दिलं होतं. घाड्याच्या घरातला माणूस समुद्राला नुसता नारळ टाकेल कसा? गावात देवळाच्या पायरीवर उभं राहून साऱ्या गावासाठी गाऱ्हाणं घालायचं ते घाड्यांनी. सहदेवनं ते कधी घातलं नव्हतं, पण आजोबांचं कानात होतं. त्यानं प्रत्येक नारळाला बोट लावलं, हात जोडले, आणि खाडीवर त्याचा आवाज असा काही चढला की काठावरचे बगळे उडाले.

"बा देवा, समुद्रनारायणा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरां जे काय हे नारळ तुझ्या पोटात सोडतत, ते गोड मानून घे, म्हाराजा! आणि ह्यो जो शिंपल्याचो आळ माझ्या माथ्यार इलो हा, तेचो काय तो निवाडो कर. माझो दोष आसात तर माका दाखव. नसात तर लोकांका दाखव, रे म्हाराजा!"

गार्गी बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की तो थांबलाय, आणि काहीतरी तिनं म्हणायचं आहे.

"व्हय म्हाराजा म्हणा."

"व्हय म्हाराजा," गार्गी म्हणाली, आणि दोघांनी मिळून नारळ सोडले.

त्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी गोराईहून आला. सात नंबर दिसला, गार्गीनं लगेच सहदेवला कळवलं. सहदेवनं सुगंधाला हाक मारली, "गेलो! भायर चललो!" संध्याकाळी मनोरीहून फोन, सात नंबरच. खाडीच्या तोंडाशी. सहदेवनं पेढे आणायची भाषा केली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सात नंबर, गोराईच्या आत, उलट्या दिशेला.

"नारळ ठेवून घ्यायचा सांगितला होता ना?" गार्गीनं फोनवर विचारलं.

पलीकडचा बाप्या चिडला. "देवाला सोडलेला नारळ घरी ठेवू? कुंकू आहे त्याच्यावर. मी परत सोडला. हात जोडून सोडला."

मग हेच सुरू झालं. ज्याला नारळ मिळाला त्यानं पाया पडून तो पुन्हा पाण्यात लोटला. कोणी भरतीला, कोणी ओहोटीला. एका म्हातारीनं तर, कडेला मान मिळत नाही म्हणून, नातवाला पोहत मधोमध नेऊन सोडायला लावला. बारा नंबर तीन गावांत दिसला. चार नंबर एकाच वेळी दोन ठिकाणी. त्यातला एक बहुधा चौदा असावा, पुढचा एकचा आकडा उडालेला. एक नारळ मात्र नक्की थांबला. "चटणी झाली," असं त्या माणसानं प्रांजळपणे कळवलं. गार्गीनं कागदावर खाडी काढून बाण मारले होते. आठवड्यानं त्या कागदाची कोंबडीनं उकरलेली माती झाली.

आणि नऊ नंबर धक्क्यावर परत आला. कुंदाच्याच पायाशी, वाकड्या खांबाला टेकून.

"आरे, ये बग! तुजा नारल आयला परत!" ती धक्क्यावरून ओरडली. माणसं जमली. "मी काय सांगत व्हते? हय सोरलेला हयच येतंय. देवानं दाखवलान."

सहदेव खाली बसला. गाऱ्हाण्यात त्यानंच मागितलं होतं. माझा दोष असेल तर मला दाखव. दाखवला. पिवळा नऊ, खाली पुसट कुंकू.

मधुकर खाकरला. "ताय... त्यो मी आनला."

"काय आनलास?"

"नारल. मनोरीला जाल्यात आयला. देवाचा नारल, म्हटलं जिथला तिथं पोचवावा. धक्क्याला ठेवला आन च्या प्यायला गेलो."

कुंदानं कपाळाला हात लावला. हसावं की रागवावं हे कोणाला कळेना. म्हणजे नऊ नंबर मनोरीपर्यंत गेला होता. म्हणजे सहदेव सुटला? पण मनोरीपर्यंत तो आपला आपण गेला, की मधल्या कोणी लोटत नेला? एक म्हणाला, पाण्यानं नेला. दुसरा म्हणाला, माणसांनी. मधुकर म्हणाला, "देवानं." कुंदा म्हणाली, "तू गप."

सहदेव गार्गीकडं वळला. "बाय, आता तुमीच काय तो हिशोब लावा."

गार्गी दगडावर बसून बुटातला चिखल काढत होती. "खरं सांगू, काका? नारळ बरोबर गेले असते ना, तरी पूर्ण उत्तर मिळालं नसतं. नारळ सारखा वर तरंगतो. पिल्लं तशी नसतात. असल्या काही जातींची पिल्लं भरतीला वर येतात आणि पाण्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की खाली तळाशी जातात. तळाला पाणी हळू असतं. म्हणजे बाहेर फेकली जात नाहीत. यांची तसं करतात का, ते मला अजून कळलेलं नाही."

सहदेवनं हे मनात दोनदा फिरवलं. "म्हणजे त्येंका परत जावचाच नसता."

"तसंच काही."

"एवढीशी पिल्लां. डोळ्यांका दिसनत नाय. आणि त्येंका भरती-ओहोटी कळता?"

"कळते म्हणायचं की आपोआप होतं म्हणायचं, त्यावर आमच्यातही भांडणं आहेत."

"मग नारळ कित्याक सोडले?"

"सुरुवात कुठून तरी करावी लागते ना," गार्गी म्हणाली, आणि नऊ नंबर उचलून तिनं मांडीवर घेतला. तिचाही चेहरा उतरला होता. कुंकवाला हो म्हणणारी तीच होती.

घरी सहदेवनं हे सुगंधाला सांगायचा प्रयत्न केला. वर-खाली हात करून दाखवलं. भरती, वर. ओहोटी, खाली. सुगंधा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझो बापूस तसोच व्हतो. दर मे म्हयन्यात म्हणा, आता गावाक जातंलंय तो परत येवचंय नाय. जून लागलो की चाळीत हजर."

तिनं नेहमीचं 'तुमी' सोडून 'तुझो' म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पावसाळा गेला. सहदेवी काही ठिकाणी कमी झाली, काही ठिकाणी वाढली. का, ते कोणाला सांगता आलं नाही. कुंदा आता पलीकडच्या चिखलात, लांब जाऊन शिवल्या काढायची. बोलायची कमी, पण बोलायची. सहदेवचा दोर खांबाला होता. अजून होता, एवढंच.

मग एक दिवस गार्गी फलक घेऊन आली. पत्र्याचा, पांढरा, मोठ्या मराठी अक्षरांत. मधुकरनं मोठ्यानं वाचला. होडी पाण्यात खरवडू नका. वर कोरड्यावर ओढा, खरवडलेलं उन्हात वाळवा, मग पुरा. एका खाडीतली होडी दुसऱ्या खाडीत न्यायची असेल तर आधी तळ साफ करा. मध्ये शिंपल्याचा मोठा फोटो. फोटोखाली एक वाकडंतिकडं लांबलचक शास्त्रीय नाव, आणि त्याखाली, 'स्थानिक नाव : सहदेवी'.

मधुकर वाचता वाचता थांबला. धक्क्यावरच्या सगळ्यांच्या माना सहदेवकडं वळल्या.

"काय झालं?" गार्गीनं सगळ्यांकडं पाहिलं. "तुम्ही सगळे हेच म्हणता ना? गोराईत, मनोरीतही विचारलं, तिथंही हेच. मला वाटलं वनस्पतीवरून पडलं असेल."

"बाय," सहदेव म्हणाला, "माझा नाव काय?"

गार्गीचा हात तोंडाकडं गेला. इतके महिने ती त्याला काकाच म्हणत होती.

"सॉरी. काका, सॉरी. मला खरंच... थांबा, बदलू आपण. रंग आहे माझ्याकडं, नारळांचाच उरलाय. आत्ता पुसते. दुसरं नाव सांगा, कुठलंही. फलक सगळीकडं लागणार आहेत, बाकीचे अजून छापायचेत."

तिनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून सहदेवच्या हातात दिली. सहदेव फलकासमोर उभा राहिला. नाव पडलं तेव्हापासून त्याला हेच हवं होतं. एक हात फिरवायचा की सुटका.

"मग काय लिवायचा?" मधुकरनं विचारलं. "मुलुंडी?"

"मुलुंडच्या लोकांनी काय केलंय?" गार्गी म्हणाली. "मी मुलुंडची आहे."

"बंदरी?"

"बंदरातले मारतील."

तेवढ्यात कुंदा पुढं आली. तिच्या हातात टोपली होती, अर्धी भरलेली. तिनं फलकाकडं पाहिलं, सहदेवकडं पाहिलं. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा निघाला.

"पुस, सहदेवा. तू आनलीस का नाय, आता कोनाला कलायचा नाय. मी बोलले रागानं. बाहेरची लिव. बाहेरचीच हाय ना ती? हयली नाय. कोनाचे नावाला लागनार नाय. लिव, बाहेरची."

गार्गी म्हणाली, "छान आहे. शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे."

सगळ्यांना पटलं. सगळे सहदेवच्या हाताकडं बघू लागले. त्यानं चिंधी फलकाला टेकवली. 'स'च्या डोक्यावर थोडा रंग सुटला. वरच्या फोटोतले शिंपले एकमेकांना घट्ट धरून होते, गाळात अर्धे रुतलेले.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"बाहेरची नको."

"मग काय?"

सहदेवनं चिंधी खाली घेतली. वाकड्या खांबाला बांधलेल्या आपल्या दोराकडं बघितलं.

"आसा ता ऱ्हवांदे."

"अरे, येरा झालास काय?" कुंदा म्हणाली. "मी सोता सांगतंय ना?"

"सांगतंस ता बरोबर. तरी ऱ्हवांदे."

कुंदा त्याच्याकडं बघत राहिली. तिला कळलं असं तिच्या तोंडावरून वाटलं नाही. पण तिनं टोपली खाली ठेवली आणि मधुकरला म्हणाली, "खिले आन. वाकरे खांबालाच ठोक. वर ठोक, याचे दोराला लागाला नको."

मधुकरनं फलक ठोकला. 'स' थोडा पुसट, बाकी नाव ठणठणीत.

संध्याकाळी सुगंधानं विचारलं, "पुसलास नाव?"

"नाय."

"कित्याक?"

सहदेव गॅलरीत उभा होता. सेक्टरच्या दिव्यांपलीकडं कांदळवन काळं झालं होतं.

"म्हायत नाय," तो म्हणाला. मग खाडीच्या दिशेनं बोट करून, "उद्या होडी वर ओढूची आसा. मधुकर येतंलो. तळ बघूक व्हयो."

"तळाक काय आसा आता?"

"आसतली," सहदेव म्हणाला, "माझी."